दुपारी दोननंतर आत आलेले : मंत्रालयाच्या आगीचं प्रकरण

मंत्रालयात काम असलेल्या बाहेरगावच्या माणसाचा दिवस ठरलेला असतो. रात्रीची एसटी किंवा रेल्वे धरायची, पहाटे मुंबईत उतरायचं, आमदार निवासात कुणाच्या तरी खोलीवर आंघोळ उरकायची, वडापाव खायचा आणि कागदांची पिशवी काखेत मारून बारा-साडेबारापासून गेटबाहेर रांगेत उभं राहायचं. सर्वसामान्य अभ्यागताला आत सोडायचं ते दुपारी दोननंतर, हा तिथला वर्षानुवर्षांचा शिरस्ता. सकाळ बैठकांची आणि नस्त्यांची, म्हणजे फाइलींची, दुपार जनतेची. २०१२ साली दोन वाजले की पासाच्या खिडकीवर झुंबड उडायची, लिफ्टपुढे रांगा लागायच्या आणि अडीचच्या आसपास मंत्र्यांच्या दालनांबाहेरची बाकडी भरून जायची.

२१ जून २०१२ हा गुरुवार होता. दुपारी पावणेतीनच्या सुमारास चौथ्या मजल्यावर, आदिवासी विकास मंत्र्यांच्या दालनाच्या बाजूला, धूर दिसला. चौथ्यावरची आग पाचव्यावर गेली, पाचव्यावरून सहाव्यावर. तत्कालीन मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आणि उपमुख्यमंत्री अजित पवार सुखरूप राहिले, हजारो कर्मचारी जिन्यांनी खाली उतरले, अनेकांना अग्निशमन दलानं शिड्या लावून खिडक्यांतून काढलं. पाच माणसं गेली. त्यांतले दोघे बारामतीहून उपमुख्यमंत्र्यांना भेटायला आलेले होते.

सरकारी कार्यालयांतल्या कारकून, लिपिक, शिपाई मंडळींसाठी मी आग आणि सुटका या विषयाचे छोटे वर्ग घेतो. तिथे हे प्रकरण मी दरवेळी काढतो, आणि दरवेळी पहिला प्रश्न एकच येतो : "सर, ती लागली होती की लावली होती?" त्या प्रश्नाकडे मी नंतर येणार आहे. मला त्याआधी घड्याळ दाखवायचं असतं. हीच ठिणगी सकाळी दहाला पडली असती, तर इमारतीत फक्त तिची माणसं असती. ती पडली पावणेतीनला, म्हणजे इमारत अजिबात माहीत नसलेली माणसं आत येऊन पाऊण तास झाल्यावर.

इमारत

मादाम कामा रस्त्यावरची ही इमारत १९५५ची. तेव्हा राज्य मुंबईचं होतं, महाराष्ट्राचं नव्हतं, आणि नाव होतं सचिवालय. १९७५ साली शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना 'सचिवालया'चं 'मंत्रालय' झालं. पाटी बदलली, पण इमारतीच्या पोटात झालेला बदल हळूहळू आणि बराच मोठा होता. राज्य झालं, खाती वाढली, मंत्री वाढले, राज्यमंत्री वाढले. प्रत्येकाला दालन, दालनाला अँटीचेंबर, बाहेर खासगी सचिव, त्यांच्या बाहेर पीए, त्यांच्या बाहेर भेटायला आलेल्यांची बाकडी. मोकळी, हवेशीर, पंख्यांच्या हिशेबानं बांधलेली दालनं चिरत चिरत त्यांच्या खोल्या झाल्या आणि खोल्यांचे कप्पे झाले.

नरिमन पॉइंटच्या टॉवरांशेजारी हिला कुणी उत्तुंग म्हणणार नाही. पण राष्ट्रीय इमारत संहितेच्या हिशेबानं १५ मीटर उंचीपासून पुढची इमारत 'उंच इमारत' ठरते आणि मंत्रालय त्यात आरामात बसतं. ही व्याख्या उगाच केलेली नाही. तेवढ्या उंचीवरून माणूस उडी मारून वाचत नाही आणि साध्या शिडीनं त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. म्हणजे सुटकेची वाट इमारतीच्या आतच असायला लागते.

मंत्रालयाच्या बोलीत मजला हा पत्ता कमी आणि वजन जास्त असतो. 'सहाव्या मजल्यावरून फोन आला' म्हटलं की तो मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाचा, कुणाचा हे विचारायची गरज पडत नाही. गावाकडचा माणूसही घरी परतल्यावर 'सहाव्या मजल्यापर्यंत जाऊन आलो' असं सांगतो, आणि ऐकणाऱ्याला त्याची पोच कळते. सत्तेच्या जितकं जवळ जायचं तितकं वर चढायचं, अशी ही रचना. आगीच्या गणितात हीच चढण उलटी मोजली जाते. जितकं वर, तितका जमिनीपासून आणि हवेपासून लांब.

आग कशानं वाढली

मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेनं तपास केला आणि घातपाताची शक्यता बाजूला ठेवून शॉर्टसर्किटचा निष्कर्ष काढला. हे कारण आपल्याकडे इतक्या आगींना चिकटवलं जातं की लोकांचा त्यावरचा विश्वासच उडाला आहे. पण जुन्या कार्यालयात तारा कशा वाढतात हे पाहिलेल्या माणसाला ते फार अवघड वाटत नाही. पंखे आणि दिवे यांच्यासाठी टाकलेल्या वायरिंगवर आधी एसी आले, मग संगणक, प्रिंटर, झेरॉक्स, टीव्ही, पीएंच्या कोपऱ्यातला छोटा फ्रिज आणि चहाची किटली. प्रत्येक वेळी एक नवा फाटा काढला जातो आणि तो फॉल्स सीलिंगच्या वर दडवला जातो. खालून सगळं गुळगुळीत पांढरं दिसतं. वर पन्नास वर्षांच्या तारांचा गुंता.

ठिणगी कुठेही पडते. तिची तीन मजली आग व्हायला इंधन लागतं, आणि वाट लागते.

वाट आधी सांगतो. खोल्यांमधलं पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच उभं केलेलं असलं, तर सीलिंग आणि खरं छत यांच्यामधला पोकळ पट्टा अख्ख्या मजल्यावर सलग राहतो. आग एका खोलीत दिसते आणि डोक्यावरून चार खोल्या पुढे गेलेली असते. वर चढायला तिला तारांच्या आणि एसीच्या नळ्यांची उभी भोकं मिळतात. ती भोकं आग न लागणाऱ्या मसाल्यानं बुजवायची असतात. आपल्याकडे बुजवणाऱ्याचं बिल वेगळं आणि केबल टाकणाऱ्याचं वेगळं, म्हणून ती उघडीच राहतात. तिसरी वाट बाहेरून. खालच्या खिडकीतून बाहेर पडलेली ज्वाळा वळून वरच्या मजल्याच्या काचेला चाटते, काच तडकते, पडदा पेटतो.

आता इंधन. मंत्रालयाच्या आगीनं प्लायवूड, लाकडी फर्निचर आणि कागद यांच्यावर ताव मारला, हे त्या दिवशी टीव्हीवर ज्यांनी धुराचा रंग पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. नवा मंत्री आला की दालन नव्यानं सजतं, हा पक्षनिरपेक्ष रिवाज आहे. व्हिनियर, फोमच्या खुर्च्या, जाड पडदे, गालिचा. फोम जळताना हायड्रोजन सायनाइड सोडतो, तारांचं पीव्हीसी आवरण हायड्रोजन क्लोराइड सोडतं आणि अर्धवट जळणाऱ्या प्रत्येक वस्तूतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, ज्याला रंग नाही आणि वास नाही.

कागदाची गोष्ट मात्र निराळी आहे. दालन सजवायला आदेश निघतो, बिल निघतं. कागद नुसता साचत जातो.

कुठल्याही जुन्या सरकारी कार्यालयाच्या व्हरांड्यात जा. भिंतीला पाठ लावून गोदरेज पद्धतीची हिरवट-करडी कपाटं ओळीनं उभी असतात. एखाद्याचं दार मिटत नाही म्हणून सुतळीनं बांधलेलं. वर ठेवलेले गठ्ठे छताला टेकायला आलेले, त्यांच्या लाल फडक्यांचा रंग उडून विटकरी झालेला. गाठीखाली खोचलेल्या पुठ्ठ्यावर शाईनं वर्ष लिहिलेलं, कार्यासनाचा क्रमांक लिहिलेला, आणि ज्यानं तो लिहिला तो केव्हाच निवृत्त झालेला. आठ फुटांचा व्हरांडा दोन्ही बाजूंच्या कपाटांनी चार फुटांवर येतो. त्यातच एक पाण्याचा कूलर आणि एक मोडकी खुर्ची.

हा कागद कायम ठेवायचा नसतो, हे नियमांतच लिहिलेलं आहे. सरकारी अभिलेखांची वर्गवारी ठरलेली आहे : 'अ' म्हणजे कायम, 'ब' म्हणजे ३० वर्षं, 'क-१' म्हणजे १०, 'क' म्हणजे ५ आणि 'ड' म्हणजे १ वर्ष. मुदत संपली की यादी करून, सही घेऊन नष्ट करायचं. या कामाला कचेरीत फार सुंदर शब्द आहे, निंदणीकरण. शेतातलं तण काढायची निंदणी असते ना, तीच. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी गठ्ठ्यांची शिस्त लावून दाखवली, 'लखीना पॅटर्न' म्हणून ती देशभर गाजली. पण निंदणी दर हंगामात करावी लागते. शिवाय फाइल जपून ठेवली म्हणून कुणाची चौकशी होत नाही, नष्ट केली म्हणून होऊ शकते. तेव्हा कारकून शहाणपणानं काहीच नष्ट करत नाही. 'ड' वर्गातला वर्षभराचा कागद 'अ' वर्गाच्या शेजारी तीस वर्षं पडून राहतो. आग लागली की दोघांचीही जळायची तऱ्हा सारखीच.

मला या प्रकरणातला हा भाग सर्वांत बोचतो, कारण इथे खलनायक कुणी नाही. एकेका माणसानं आपापल्या टेबलापुरतं सावध राहायचं ठरवलं, आणि त्या सावधगिरीची बेरीज व्हरांड्यात उभी राहिली.

कोण वाचलं आणि कसं

त्या दुपारची दृश्यं अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत. खिडकीबाहेरच्या अरुंद सज्जावर, एसीच्या चौकटीला धरून उभी राहिलेली माणसं. मागे काळा धूर, खाली शिडीची वाट पाहणारे हात. खिडकी गाठलेल्या माणसाला निदान हवा मिळते आणि तो दिसतो. दिसलेल्या माणसाकडे शिडी येते.

मृतदेह सहाव्या मजल्यावर सापडले. आग सुरू झाली तिथून दोन मजले वर. वर्गात यावर कुणीतरी हमखास म्हणतं, "वरच्यांना तर वेळ जास्त मिळाला असणार." उलट आहे. ज्या मजल्यावर आग लागते तिथल्या लोकांना ती दिसते, ते पळतात. वरच्या मजल्यावर पहिली दहा मिनिटं नुसती चर्चा चालते. कुठेतरी वायर जळाल्याचा वास येतोय, शिपायाला पाठवलंय बघायला. साहेबांची भेट आता दोन नंबरवर आलीय, उठून कसं जायचं? रात्रभर प्रवास करून आलेला माणूस वासानं उठत नाही. आणि जेव्हा उठतो, तेव्हा जिना धुराड्यासारखा भरलेला असतो. धूर उभ्या पोकळीतून आधी थेट वर चढतो आणि मग तिथून खाली दाटत येतो.

इथे दालनाची रचना आठवा. मंत्री आतल्या खोलीत, अभ्यागत मधल्या खोलीत, बाहेर पीए, त्याच्या पलीकडे व्हरांडा. अशा कप्प्यांत मधल्या खोलीला बहुधा खिडकी नसते, आणि दार एकच असतं. तिथे बसलेल्या माणसाला बाहेरचं काही दिसत नाही. तो लिफ्टनं वर आलेला असतो. जिना कुठे आहे हे त्यानं पाहिलेलंच नसतं, कारण पाहायचं कारण पडलेलं नसतं. दिवे गेले की त्याला फक्त आलेली वाट आठवते, म्हणजे लिफ्ट. धुरानं भरलेल्या व्हरांड्यात तो लिफ्टकडे जातो आणि वाटेत कपाटं असतात.

त्या पाच जणांपैकी नेमकं कोण कोणत्या वाटेनं गेलं हे मी इथे सांगत नाहीये. अशा मजल्यावर परक्या माणसाचं काय होतं, ते सांगतोय.

त्याच इमारतीत, त्याच दुपारी, एक नेमकी उलट गोष्टही घडली. काही कर्मचारी गच्चीवर गेले आणि त्यांनी तिरंगा सुखरूप उतरवून आणला. त्याची बातमी झाली, कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. आठ वर्षांनी, १७ फेब्रुवारी २०२० रोजी, माझगावच्या जीएसटी भवनाला आग लागली. तिथेही एक कर्मचारी नऊ मजले चढून गेला आणि झेंडा घेऊन खाली आला. या दोन्ही घटना धाडसाच्या म्हणून सांगितल्या जातात. माझं म्हणणं एवढंच की त्यांत धाडसाइतकीच सवयही होती. झेंडा सूर्योदयाला चढवायचा आणि सूर्यास्ताला उतरवायचा, असा तेव्हा नियम होता. कुणाच्या तरी पायांना गच्चीचा जिना रोजचाच होता. किती पायऱ्या, कुठे वळण, वरच्या दाराची कडी कशी उघडते, हे त्यांना धुरातही ठाऊक होतं. बारामतीहून आलेल्या माणसाला ते ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

कायदा होता

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा आगीच्या वेळी लागू होऊन साडेतीन वर्षं झाली होती. त्यातली मुख्य तरतूद सोपी आहे. इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यानं आग विझवायची यंत्रणा बसवायची, ती चालू ठेवायची, आणि परवानाधारक संस्थेकडून तपासून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करायचं. आपल्या सोसायटीच्या सचिवाला या प्रमाणपत्राचं नाव काढलं की त्याचा चेहरा पडतो, ते हेच.

सोसायटीचा मालक कळतो. मंत्रालयाचा मालक कोण? इमारत आणि तिच्या विजेची देखभाल सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. जागेचं वाटप सामान्य प्रशासन विभागाकडे. खोलीत काय ठेवायचं, किती कपाटं आणायची, हे ज्या त्या विभागाकडे. दालन कसं हवं हे मंत्र्यांकडे, म्हणजे प्रत्यक्षात त्यांच्या पीएकडे. गेटवर पोलीस. व्हरांड्यातलं एक कपाट हलवायचं तर यातल्या कुणी कुणाला पत्र लिहायचं, हे ठरवायलाच एक नस्ती उघडावी लागेल, आणि ती ठेवायला एक कपाट.

खासगी इमारतीत अग्निशमन अधिकारी नोटीस काढतो, पाणी-वीज तोडायची धमकी देतो. राज्याच्या मुख्य सचिवांच्या इमारतीचं पाणी तोडायची नोटीस कुठला अधिकारी काढेल? याचं कारण कायद्यात सरकारी इमारतीला सूट आहे हे नव्हे. हाताखालच्या माणसानं वरच्याला पकडायचं, ही कल्पनाच आपल्या कारभारात बसत नाही.

मग चर्चा फाइलींची

आग धुमसत असतानाच लोकांच्या तोंडी एक नाव होतं : आदर्श. नगरविकास विभाग चौथ्या मजल्यावर होता, आदर्श सोसायटीच्या घोटाळ्याची चौकशी ऐन भरात होती, आणि आग चौथ्याच मजल्यावर लागली. यापेक्षा सोपं गणित कुठलं? सीबीआयनं स्पष्ट केलं की प्रकरणाची कागदपत्रं त्यांच्याकडे सुरक्षित आहेत. आगीनंतर तेरा दिवसांनी, ४ जुलै २०१२ रोजी, सीबीआयनं न्यायालयात आरोपपत्र दाखल केलं. तरी शंका गेली नाही. आजही वर्गात पहिला प्रश्न तोच येतो.

मी त्या प्रश्नाला हसत नाही. सरकारी इमारत जळली की लोक आधी फाइल आठवतात, याला कारणं आहेत. २०१८ साली बॅलार्ड इस्टेटच्या सिंदिया हाउसमध्ये, जिथे प्राप्तिकराची कार्यालयं होती, आग लागली तेव्हाही हेच झालं. २०२३च्या १२ जूनला भोपाळच्या सातपुडा भवनात तिसऱ्या मजल्यावर आग लागून वरचे मजले जळाले, तेव्हाही. तिथेही सुरुवात आदिवासी विकासाच्या कार्यालयातून झाली होती, हा निव्वळ योगायोग असला तरी चकित करणारा. २०२५च्या एप्रिलमध्ये ईडीचं कार्यालय असलेल्या कैसर-ए-हिंद इमारतीला आग लागली, पुन्हा तेच. ज्या कारभारात कागद हरवणं ही रोजची तक्रार आहे, तिथे कागद जळणं कुणाला अपघात वाटेल?

आणि त्या शंकेला खतपाणी सरकारी उत्तरांनीच घातलं. आगीनंतर कितीतरी काळ माहिती अधिकाराच्या अर्जांना एक ठरावीक ओळ यायची : 'सदर नस्ती दिनांक २१ जून २०१२ रोजीच्या आगीत नष्ट झाली आहे.' काही खरोखर नष्ट झाल्या होत्या. पण मंत्रालयातली नस्ती एकटी जगत नाही. तिच्यातलं पत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून, आयुक्तांकडून, महापालिकेकडून आलेलं असतं आणि त्याची स्थळप्रत, म्हणजे पाठवणाऱ्यानं ठेवलेली नक्कल, तिथे असते. आवक-जावक नोंदवह्या असतात, शासन निर्णय संकेतस्थळावर असतो. मंत्रालयातली टिप्पणी, म्हणजे कुणी कुठे काय शेरा मारला, ती एकट्या नस्तीत असते आणि ती गेली की गेली. बाकीचं घाम गाळून पुन्हा उभं करता येतं. ज्यांना करायचं होतं त्यांनी केलं. ज्यांना नव्हतं, त्यांना आग ही सोय झाली. मुद्दाम न लावलेल्या आगीचासुद्धा मुद्दाम वापर करता येतो.

कारभार थांबला नाही. सोमवारपासून खालच्या मजल्यांवर काम सुरू करायचं जाहीर झालं, मुख्यमंत्र्यांचा कारभार जवळच्या विधान भवनातून चालला, विभाग शहरात जागा मिळेल तिथे विखुरले. पाडायची की दुरुस्त करायची यावर वाद झाला आणि शेवटी जुना सांगाडा ठेवून आतून नवी इमारत उभी राहिली. नस्त्या संगणकावर जाऊ लागल्या. ई-ऑफिसची भाषा आगीआधीही होती, पण जळालेल्या मजल्यांनी तिला जो रेटा दिला तो कुठल्याही परिपत्रकाला देता आला नसता. व्हरांड्यातलं इंधन कमी करायचा हाच एक खरा उपाय होता.

या सगळ्या गदारोळात ते दोन अभ्यागत मात्र बाजूला पडले. फाइलींच्या मोजदादीला माणसं बसली. पावणेतीन वाजता कोणत्या मजल्यावर बाहेरची किती माणसं होती, हा आकडा कुणी मागितल्याचं मला आठवत नाही. पास देणाऱ्या खिडकीवर किती पास फाडले ते समजलं असतं. ती माणसं आत कुठे होती, ते नसतं समजलं. एका मजल्याचा पास घेऊन चार मजले फिरून यायचं, ही तर तेव्हा मंत्रालयाची रीतच होती.

त्यानंतरची इमारत

नव्या मंत्रालयात नंतर जे सुरक्षेचे उपाय गाजले, ते आगीच्या आठवणीतून आलेले नाहीत. २०१८च्या सुरुवातीला वरच्या मजल्यावरून उडी घेऊन एका माणसाचा जीव गेला, त्यानंतर मधल्या चौकात पहिल्या मजल्याच्या उंचीवर जाळी बांधली गेली. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तर विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनीच आदिवासी आमदारांसह त्या जाळीवर उडी मारून आंदोलन केलं. गाऱ्हाणं घेऊन आलेल्यांची सोय म्हणून नव्हे, तर त्यांच्यापासून इमारतीची अब्रू वाचावी म्हणून बांधलेली जाळी, आणि तिच्यावर राज्याच्या सभागृहाचा उपाध्यक्ष. यावर मी काय बोलणार.

२०२५मध्ये चेहरा ओळखणारी दारं आणि 'डिजीप्रवेश' हे ॲप आलं. आता ज्या मजल्यावर काम, त्याच मजल्यावर जायची परवानगी. गावाकडच्या लोकांनी याला नाकं मुरडली, आणि स्मार्टफोन नसलेल्या म्हाताऱ्यानं काय करायचं हा प्रश्न रास्तच आहे. गर्दी आणि दलाल कमी करायला म्हणून हे आणलं. पण माझ्या दृष्टीनं यातून एक गोष्ट पहिल्यांदाच शक्य झाली, जी आणणाऱ्यांच्या मनातही बहुधा नसेल : पावणेतीन वाजता सहाव्या मजल्यावर बाहेरची किती माणसं आहेत, हा आकडा निघू शकतो. तो खाली आलेल्या अग्निशमन अधिकाऱ्याच्या हातात दोन मिनिटांत पडेल अशी सोय हवी. आणि आगीचा गजर झाला की ही चेहरा पाहणारी दारं कुणाचाही चेहरा न पाहता आपोआप उघडी पडायला हवीत. हे दोन प्रश्न मी ज्या ज्या कार्यालयात जातो तिथे विचारतो. पहिल्यावर लोक वहीत काहीतरी टिपून घेतात. दुसऱ्यावर ते वेंडरला विचारून सांगतो म्हणतात.

वर्गाच्या शेवटी मी एक काम देतो. तुमच्या कार्यालयाचा वरचा मजला कोऱ्या कागदावर काढा, एक माणूस साहेबांच्या बाहेरच्या खोलीत बसवा, आणि त्याला जमिनीवर आणा. पाच मिनिटं. बहुतेक जण पेन्सिल थेट लिफ्टकडे नेतात, मग खोडतात. काहींना दुसरा जिना कुठे आहे ते आठवत नाही. गेल्या पावसाळ्यात एका जिल्ह्याच्या ठिकाणी एका शिपाईमामांनी मात्र दोन्ही जिने अचूक काढले, व्हरांड्यातली कपाटं मोजून अकरा दाखवली आणि मागच्या जिन्याच्या दारावर एक छोटा चौकोन काढला. हे काय म्हणून विचारलं.

"कुलूप," ते म्हणाले. "किल्ली नाझरसाहेबांकडं असते. ते दुपारी जेवायला घरी जातात."